कडुलिंबापासून उजवीकडे

शुक्रवार, ३१ जानेवारी २०२५

स्नेहल,

सत्तावीस तारखेच्या पत्रात मी तुला लिहिलं की टेबल लहान होतं, म्हणून शाळेतल्या मातीच्या गावात तुमची गल्ली बसली नाही. ते खरं नाही. आज मुलं गेल्यावर मी फूटपट्टी घेऊन मोजलं. टेबल सहा फूट दोन इंच आहे. कडुलिंबाच्या पुढं, उजव्या हाताला, चौदा इंच जागा शिल्लक आहे. तिथं आम्ही हिरवा रंगवलेला लाकडाचा भुसा पसरलाय आणि काडीला कागद चिकटवून लिहिलंय, 'शेत'.

तिथं शेत नाही. तिथं विहार आहे, पिंपळाचा पार आहे, हापसा आहे आणि हापशापासून तिसरं तुमचं घर आहे. पहिलीपासून दहावीपर्यंत मी रोज सकाळी त्या कडुलिंबाखाली तुझी वाट बघत उभी राहायची. म्हणजे माझ्याकडून हे चुकायचं कारण नव्हतं.

सव्वीसला फोटो बघून तू फोनवर दोनच शब्द पाठवलेस, 'आमची गल्ली?' मी एका मिनिटाच्या आत उत्तर दिलं, 'टेबल पुरलं नाही गं,' आणि दुसऱ्या दिवशी पत्रातही तेच लिहिलं. इतक्या घाईनं दिलेलं उत्तर खरं नसतं हे तुला तिथं हैदराबादला लगेच कळलं, मला इथं कळायला पाच दिवस लागले. तेव्हापासून तू फोन उचलत नाहीस. पत्र कुणी उचलायची वाट बघत नाही, दारातून आत येऊन पडतं. म्हणून पत्र लिहिते.

पाकीट चौथीच्या मुलांनी केलंय. मागच्या वर्षीच्या कॅलेंडरचं पान, चार घड्या आणि गव्हाच्या पिठाची खळ. खळीत मीठ पडलं की मोरचूद, यावर वर्गात अर्धा तास वाद झाला. मोरचूद नाही, तुरटी. मुंग्या लागू नयेत म्हणून. तुझ्या वाट्याला ऑगस्ट आलाय. पत्ता मी घरी येऊन लिहिला. शाळेत लिहिला असता तर तुझ्या भाचीनं, दीपमालानं, तो ओळखला असता.

आता राहिलं कारण. मल्लप्पा सर म्हणाले होते, 'मॅडम, एवढं पुरे, सव्वीस जानेवारी जवळ आली.' सर हेडमास्तर आहेत आणि मी अतिथी शिक्षिका. जूनमध्ये मला पुन्हा ठेवायचं की नाही, हे दरवर्षी नव्यानं ठरतं. तू समजून घेशील.

चोवीस फेब्रुवारीला हे गाव कमलनगरला न्यायचं आहे, कलिका हब्बाला, म्हणजे तालुक्याच्या सगळ्या शाळांची मुलं आपापल्या हातची कामं मांडतात त्या जत्रेला. आमचा विषय 'आपलं गाव ओळखूया'.

तुझी,
प्रतीक्षा


बुधवार, ५ फेब्रुवारी

स्नेहल,

आज मी सगळ्यांच्या आधी शाळेत गेले. धुकं होतं. शाळेच्या फाटकापासून वर्ग दिसत नव्हता, नुसती झेंड्याची काठी दिसत होती, आणि तीही मधूनच तुटलेली. कुलूप उघडलं तर आत खिडकीतून उजेड यायला लागला होता. तो आधी मारुतीच्या देवळावर पडला, आगपेटीच्या काड्यांनी केलेल्या कळसावर. मग एकेक घर उजळत गेलं. मी खाली वाकले, हनुवटी टेबलाला टेकवली आणि एक डोळा मिटला. तसं केलं की गाव गावाएवढं होतं. बाटलीच्या बुचाची विहीर खोल वाटते. कडब्याच्या चिपाडाची बैलगाडी आत्ताच कुणीतरी सोडून गेल्यासारखी दिसते. घरांची सावली रस्त्यावर पडते आणि त्या सावलीतून आपण चालतोय असं वाटतं. मी किती वेळ तशी वाकून राहिले माहीत नाही. शिपाईबाईंनी घंटा दिली तेव्हा मान दुखायला लागली होती.

हे गाव कसं झालं ते तुला सांगायचं राहिलं आहे. चांगलं होतं ते आधी सांगते, मग दुसरं.

पहिली घरं तडकली. काळी मातीच ती, वाळली की भेगाळते. सकाळी येऊन बघितलं तर अर्ध्या गावाला चिरा. मुलं रडकुंडीला आली. घरी सांगितलं तर माय म्हणाली, "लोकर कातरून घाल की मातीत. चिरायची न्हाई." आमच्याकडं आता मेंढरं नाहीत. अप्पांनी शेवटची चार विकून सहा वर्षं झाली. पण मायनं कणगीमागं लोकरीचं एक गाठोडं जपून ठेवलंय, कशासाठी ते तिलाही सांगता येत नाही. त्यातली लोकर मुलांनी कात्रीनं बारीक केली, मातीत मळली, आणि एकही घर फुटलं नाही. चैत्रा नावाची मुलगी आहे, भिंतीवरून बोट फिरवून म्हणाली, "मॅडम, घराला केसं हायती." तिच्या शेजारची म्हणाली, "मग तर बरंच हाय. घराला थंडी वाजायची न्हाई."

मग घरांत माणसं ठेवायची ठरलं. एक माणूस म्हणजे तुरीचा एक दाणा. घरी विचारून यायचं, दाणे मोजून आत टाकायचे आणि शेवटी गल्लीची बेरीज करायची. एरवी हातचा विसरणारी मुलं त्या आठवड्यात एकदाही चुकली नाहीत. चैत्रानं एक चिंचोका जास्तीचा टाकला. मी म्हटलं, हा कोण? तर म्हणते, "म्हैस. ती बी घरातच झोपती की." मायनं सांगितलं म्हणून आमच्या घरात तीन दाणे आहेत. मी ते टाकताना माझा दाणा कुठला हे ओळखायचा प्रयत्न केला.

आता दुसरं.

दीपमालानंही घर केलं होतं. हे मी दोन्ही पत्रांत लिहिलं नाही. बावीस जानेवारीला तिनं ते आणलं. बिस्किटाच्या पुठ्ठ्याचं दार आहे, दोऱ्याची बिजागरी आहे, दार उघडतं. सबंध गावात उघडणारं दार तेवढं एकच. आत सहा दाणे होते, पाच साधे आणि एक चुना लावून पांढरा केलेला. मी विचारलं नव्हतं, तिनंच सांगितलं, "ही आत्या. दवाखान्यात पांढरा डरेस घालती. हैदराबादला हाय, पण येणार हाय, म्हणून दाराजवळ ठेवलंय."

मी म्हणाले, "छान झालंय. रंग वाळू दे, मग चिकटवू." आणि घर कपाटात ठेवलं.

घराला रंग लावलेलाच नव्हता, स्नेहल. ती मातीच होती.

दीपमालानं कधी विचारलं नाही. ती रोज वर्गात आली की एकदा कपाटाकडं बघायची. सोमवारपासून तेही बघत नाही.

प्रतीक्षा


रविवार, ९ फेब्रुवारी

स्नेहल,

दुपारी जेवून डोळा लागला. स्वप्नात मी दाण्याएवढी होते. आपल्याच गावातून चालले होते, मारुतीपासून निघून, आणि रस्ता मऊ होता, कारण तो मी स्वतः चाळलेल्या मातीचा होता. भिंतींतून लोकरीचे केस वाऱ्यानं हलत होते. कुणाच्याच घराचं दार उघडत नव्हतं, सगळी दारं नुसती स्केचपेननं काढलेली. कडुलिंबापाशी आले. त्याच्या पुढं हिरवा भुसा माझ्या गळ्यापर्यंत आला. मी त्यातून पुढं गेले, आणि टेबल संपलं. खाली, खूप खोल, शाळेची शहाबादी फरशी एखाद्या नदीसारखी राखाडी पसरलेली. पलीकडून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. तो तुझ्या आईच्या हाताचा होता, तिच्या बांगडीचा आवाज मधेच येतो तसा. मला भूक लागली होती. मी हाक मारली, तर माझा आवाज तुरीचा दाणा फरशीवर पडावा तेवढा झाला.

जागी झाले तेव्हा ऊन उंबऱ्यावरून सरकून चुलीपर्यंत आलं होतं. मला आधीची पत्रं आठवली. एकतीस तारखेच्या पत्रातलं एक वाक्य चूक आहे. टेबलाचं दुरुस्त केलं त्याच पत्रात मी दुसरी चूक लिहिली.

मल्लप्पा सर 'एवढं पुरे' म्हणाले, हे खरं. पण ते चोवीस जानेवारीला म्हणाले, विजेच्या खांबांबद्दल. मुलांना प्रत्येक खांबाला दोऱ्याची तार ओढायची होती आणि सुट्टी होऊन गेली होती. तुमच्या गल्लीबद्दल सर काही बोलले नाहीत. अप्पा शाळा समितीचे अध्यक्ष आहेत, तेही काही बोलले नाहीत. समितीच्या वहीवर ते अंगठा देतात आणि वही मी वाचून दाखवते, त्यामुळं त्यांच्या नावावर काहीही ढकलणं मला सोपं आहे. मला सांगायला कुणीही आलं नव्हतं.

कुणीतरी येईल असं मला वाटलं. सव्वीस जानेवारीला सगळं गाव टेबलाभोवती जमणार, जो तो आधी आपलं घर शोधणार, मग शेजाऱ्याचं बघणार. विहार एवढा मोठा कामून, देऊळ लहान कामून, आमच्या पोरीनं ह्या घराला माती कामून लावली, असं कुणी म्हणालं तर मी काय बोलू? मी उत्तर शोधत बसले. उत्तर सापडेना, म्हणून मी गल्लीच काढून टाकली. म्हणजे जे कुणी म्हणालंच नाही, ते मी त्यांच्या आधी करून मोकळी झाले.

एवढं लिहून मी पेन खाली ठेवलं होतं. पण पावलांचं अजून लिहिलेलं नाही.

गाव मोजायचं होतं. दहा पावलं म्हणजे टेबलावर एक बोट, असं माप ठरलं. पण कुणाचं पाऊल? प्रत्येकाचं वेगळं पडायला लागलं. चैत्रा उड्या मारते. दुसरी मुलं मोजताना भांडतात. शेवटी आम्ही प्रत्येकाला व्हरांड्यात तीनदा चालवलं आणि फरशा मोजल्या. ज्याचं पाऊल तिन्ही वेळा सारखं पडेल, त्याचं घ्यायचं. दीपमालाचं सारखं पडलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मग बोटही तिचंच घेतलं.

म्हणजे सगळं गाव तिच्या पावलांनी मोजलंय. देवळापासून पाण्याच्या टाकीपर्यंत, टाकीपासून आमच्या घरापर्यंत. ती पुढं, हात मागं बांधून, कानडीत मोजायची, ओंदु, एरडु, आणि मुलं मागून मराठीत लिहायची. देवळापासून कडुलिंबापर्यंत सहाशे वीस पावलं, बासष्ट बोटं. सहाशे एकविसावं पाऊल तिनं उजवीकडं टाकलं. रोजची घरची वाट, पाय आपोआप वळला. बाविसावं टाकलं, तेविसावं टाकलं.

मी म्हणाले, "दीपा, इकडं. डावीकडं."

ती थांबली. मागं बघितलं नाही. तीन पावलं उलटी आली, मोजत आली, आणि डावीकडं वळली. वहीत मुलांनी लिहिलंय, 'लिंबापाशी डावीकडे.' खाली मी लाल शाईनं बरोबरची खूण केली आहे.

प्रतीक्षा


शुक्रवार, १४ फेब्रुवारी

स्नेहल,

काल शाळा सुटल्यावर मी तुमच्या घरी गेले. कपाटातलं घर ओढणीत गुंडाळून नेलं.

दहा वर्षांत मी तुमच्या घरी किती वेळा आले होते, हे वाटेत मोजलं. तीनदा. एकदा तुला ताप होता तेव्हा, एकदा तुझ्या भावाच्या, विलासदादाच्या लग्नात आणि एकदा दहावीचा निकाल लागला तेव्हा, तेही दारातून. बाकी सगळे दिवस कडुलिंबाखालचे. तू कधी काही म्हणाली नाहीस. काल मला वाटलं, तू रोज चालत यायचीस तो रस्ता मी नीट बघितलाच नव्हता. दुपारचं ऊन पिंपळातून गाळून खाली पडत होतं आणि पारावर पानांएवढे उजेडाचे ठिपके हलत होते. कुणीतरी हापसा मारत होतं, त्याची कुरकुर थांबली की पाण्याचा आवाज, मग पुन्हा कुरकुर. सगळीकडं नव्या तुरीचा धुरळा होता. त्या धुरळ्यात घरं थोडी वर उचलल्यासारखी दिसत होती.

तुझी आई अंगणात तूर पाखडत होती. मला बघून भागामावशीनं सूप थांबवलं नाही.

"कोण? उमाजीची प्रतीक्षा व्हय? वाट चुकलीस का काय?"

"न्हाई मावशी. तुमच्याकडंच आले."

"आमच्याकडं? आमच्याकडं तर शेत हाय म्हणं. हिरवंगार. टेबलावर पाऊस लई चांगला पडलाय औंदा."

मी ओढणी सोडली आणि घर तिच्यापुढं ठेवलं. तिनं हात लुगड्याला पुसले, घर उचललं, डोळ्याजवळ नेलं.

"हे आमचं? अगं, एवढंसं दार! ह्यातून माझं डोस्कं बी जायचं न्हाई." मग नखानं दार उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. आत बघितलं. पांढरा दाणा दिसला असणार, कारण या वेळी दार तिनं बोटानं हळूच लोटलं. मग म्हणाली, "स्नेहल फोनवर इचारायली होती, प्रतीक्षा पत्रं कुणाला दाखवून लिव्हती का म्हणून."

"तिला मिळाली?"

"मिळाली की. मी म्हणलं, दे टाकून. तर म्हणती, न्हाई, लिहू दे तिला. कितव्या पत्राला खरं बोलती बघू."

हे वाचताना तू हसत असशील तर हास. मला काल रडू आलं आणि हसूही.

मी माफी मागितली. मी पाठ केलेली चार वाक्यं होती, त्यातली दोन म्हणाले. मावशीनं सूप पुन्हा उचललं.

"मला कामून सांगायलीस? टेबलावर नसलं म्हणून माझं घर कुठं जायलंय? मी हितंच झोपते की. आन् चोवीसला ते गाव इलासच्या जीपीतून न्यायचंय म्हणं. घर सोडून गाव वाहायचं त्यानं! ऱ्हाऊ दे. ज्या लेकराला वळीवलीस तिला सांग. चारचौघांदेखत वळीवलीस, तर चारचौघांदेखत सांग."

म्हणजे दीपमालानं घरी सांगितलं होतं. मला वाटत होतं, तिच्या लक्षातही राहिलं नसेल.

तेवढ्यात ती बाहेरून आली, पाय धुळीनं भरलेले, हातात चिपाडाचा चष्मा. आजीच्या हातात घर बघून थांबली. मला म्हणाली, "रंग वाळला का, मॅडम?"

मी व्हय म्हणणार होते. तोंडात आलंच होतं.

"न्हाई दीपा. रंग लावलाच नव्हता."

"मला म्हाईत हाय," ती म्हणाली. चष्मा डोळ्यांवर लावला आणि हापशाकडं पळाली.

निघताना मावशीनं माझ्या ओढणीत मूठभर तूर टाकली. "दाणे लागतेत न्हवं माणसांना? आमच्या गल्लीत माणसं लई हायती."

प्रतीक्षा


मंगळवार, १८ फेब्रुवारी

स्नेहल,

हे पत्र तुला शनिवारच्या आधी मिळेल की नाही, माहीत नाही. तरी लिहिते, कारण लिहिलं म्हणजे मला मागं फिरता येणार नाही.

रविवारी अप्पांना सांगितलं. ते अंगणात खाटेवर दावं वळत बसले होते. सगळं ऐकून घेतलं, मग विचारलं, "कुणी काय म्हणलं का तुला? आपल्यातलं?"

"न्हाई अप्पा. मीच केलं."

"मग कर की दुरुस्त. पण लोक इचारतील, आधी कामून न्हाई केलीस? तवा माझं नाव सांगू नकोस. मी न्हाई म्हणलो न्हवतो."

"इचारलं असतं तर म्हणला असता का?"

दाव्याला दोन पीळ दिले त्यांनी. "ते आता मला बी म्हाईत न्हाई," म्हणाले.

माय आतून सगळं ऐकत होती. थोड्या वेळानं कणगीमागचं गाठोडं बाहेर आलं. उरलेली सगळी लोकर होती. "अकरा घरं हायती न्हवं तिकडं?" म्हणाली. मी म्हटलं, तुला कसं माहीत? ती म्हणाली, "मी ह्या गावात तीस वर्सं झाली नांदायलेय. मला काय मोजता येत न्हाई?"

काल मल्लप्पा सरांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. "मॅडम, फोटो वर तालुक्याला गेलाय. फोटोत शेत आहे. सोमवारी टेबलावर घरं निघाली तर मी काय सांगू? पुढच्या वर्षी मोठं करू, सगळं घेऊ."

मी म्हणाले, "नवा फोटो मी काढून देते, सर. खाली लिहून देते की पहिला नकाशा मी चुकवला. सही माझी."

"सही कशाला करताय? जूनचं बघा तुमचं." ते धमकावत नव्हते, त्यांना खरंच माझी काळजी वाटत होती, आणि म्हणूनच मला ते ऐकवेना. मी म्हणाले, "जून यायला वेळ आहे सर, सोमवार जवळ आहे." ते खिडकीबाहेर बघत राहिले आणि म्हणाले, "शनिवारी सकाळी मला पंचायतीत काम आहे. मी साडेदहाशिवाय येणार नाही." ते खरंच काम आहे की नाही, मला माहीत नाही. हे आधी मी 'सरांनी परवानगी दिली' असं लिहिलं असतं. त्यांनी परवानगी दिलेली नाही. नाहीही म्हटलेलं नाही.

'शेत' लिहिलेली काडी मी अजून काढलेली नाही. सगळे गेल्यावर हळूच काढता आली असती, भुसा झाडून घरं चिकटवता आली असती, सोमवारी कुणाला कळलंही नसतं. दोनदा हात पुढं गेला. पण जे मी सगळ्यांसमोर केलं ते कुणी नसताना पुसलं, तर दीपमालाला वाटेल, तीच चुकीचं वळली होती.

आज तिला मधल्या सुट्टीत विचारलं, "शनिवारी पुन्हा मोजायचं आहे. पाऊल तुझंच घेऊ का?"

तिनं आपल्या पायांकडं बघितलं. "मी आता मोठी झाले, मॅडम. पाऊल बदललं असंल."

"एका महिन्यात?"

"मग व्हरांड्यात चालून बघू की. तीनदा."

बघितलं. तिन्ही वेळा सारखं पडलं, पण आधीपेक्षा दोन बोटं लांब. ती म्हणते, गल्ली तेवढी आखूड भरेल. चैत्रा म्हणते, मग सगळं गावच पुन्हा मोजा. दोघी घंटा होईपर्यंत भांडल्या आणि मी त्यांना थांबवलं नाही. शेवटी ठरलं, जुन्या पावलाएवढी काडी कापायची आणि दीपमालानं ती काडी धरून चालायचं. काडी कापून झाली आहे. ज्वारीच्या ताटाची आहे, माझ्या पिशवीत आहे.

सकाळी धुकं अजून असतं. मी मनात ते रोज बघते आहे: मुलं ओळीनं कडुलिंबापाशी आली आहेत, पुढचं काही दिसत नाही, नुसता हापशाचा आवाज येतोय. मी उभी राहते आणि सांगते की वहीतली ओळ चूक आहे, ती माझ्यामुळं चूक आहे, दीपमाला बरोबर वळली होती. त्याच्या पुढं काय होतं ते मला दिसत नाही. कुणी हसेल, कुणी घरी जाऊन सांगेल, कुणाचा बाप दुपारी शाळेत येईल. ते धुक्यापलीकडं आहे. मला तेवढंच दिसतं की दीपमाला काडी जमिनीवर ठेवते.

पण सुरुवात कडुलिंबापासून करायची नाही, असं तिनंच सांगितलंय. सुरुवात तुमच्या उंबऱ्यापासून. तिथून निघायचं, हापसा, पिंपळ, विहार, सगळं मोजत लिंबापर्यंत यायचं आणि मग गावाला जोडायचं. मुलांनी मागून लिहायचं. भागामावशीला विचारलं, उंबऱ्यावर सकाळी सकाळी पंधरा पोरं चालतील का? म्हणाली, "चालतील की, पण चपला बाहेर. आन् चहा करणार न्हाई, आधीच सांगते." मग म्हणाली, "गूळ हाय का बघते."

तिथून आल्यावर भुसा झाडू. उरलेल्या दहा घरांची माती शुक्रवारी संध्याकाळी मळून ठेवते, लोकर घालून. हापसा पेनाच्या रिफिलचा होईल. तुमचं घर आधी चिकटवायचं. मी ते मावशीकडून आणून पुन्हा कपाटात नाही ठेवलं, टेबलाच्या कडेला ठेवलंय, सगळ्यांना दिसेल असं. दार उघडं आहे. पांढरा दाणा दीपमालानं ठेवला होता तिथंच, दाराजवळ आहे. मी हलवलेला नाही.

पहिलं पाऊल ती टाकेल आणि या वेळी मोजणार मी, मोठ्यानं, एकपासून. शनिवार, बावीस फेब्रुवारी, सकाळी आठ वाजता.

प्रतीक्षा